जूनचे पैसे कुठे, पंधरा वर्षांचे कुठे? म्युच्युअल फंडाचा प्रकार निवडताना

देवपूर, धुळ्याहून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर इथे देतोय. बोलताना होणारं 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' बरंचसं काढून टाकलंय.

आजचा विषय म्युच्युअल फंड. त्यातही एकच प्रश्न: इतके प्रकार आहेत, त्यातला आपला कोणता? लार्ज कॅप, स्मॉल कॅप, फ्लेक्सी कॅप, लिक्विड, गिल्ट, हायब्रिड... ॲप उघडलं की हॉटेलच्या मेनूसारखी यादी येते आणि आपण काय करतो? सगळ्यात जास्त टक्के ज्याच्यापुढे लिहिलेत, त्याच्यावर बोट ठेवतो.

सुरुवातीलाच सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सेबीकडे नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार नाही. त्यामुळे 'हा फंड घ्या' असं मी कुठेच म्हणणार नाही. प्रकार कसा ओळखायचा आणि आपल्या पैशाला तो कसा जुळवायचा, तेवढंच बोलू.

एक व्हॉइस मेसेज

शिंदखेडा तालुक्यातल्या एका श्रोत्याचा फेब्रुवारीत मेसेज आला. थोडक्यात असा: "दादा, घरचा कापूस विकला. ३ लाख हातात आहेत. त्यातले लाखभर जूनमध्ये बियाणं, खत आणि मजुरीला लागतील. बहिणीची ॲडमिशन आहे, अडीच वर्षांनी, तिथे लाखभर. उरलेल्या लाखाचं सध्या काही काम नाही, पुढे कधीतरी घर बांधायचंय. ॲपवर स्मॉल कॅप फंड सगळ्यात वर दिसतोय. वडील म्हणतात तू शिकलेला, तू बघ. सगळे त्यातच टाकू का? जूनपर्यंत काहीतरी वाढतील ना."

आणि शेवटी जरा हळू आवाजात: "पैसा बुडाव नही ना दादा?"

हा मेसेज मी दोन-तीनदा ऐकला. कारण यात आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे. कापसाच्या जागी कुणाचा पहिला बोनस असेल, कुणाचं पीएफचं काढलेलं, कुणाला आजोबांनी दिलेलं. आणि त्याने नकळत अर्धं उत्तर स्वतःच दिलंय. पैसा किती आहे हे सांगतानाच तो कधी लागणार आहे, हेही त्याने सांगितलं. प्रकार निवडताना सगळ्यात मोठा उपयोग याच माहितीचा होतो. टक्क्यांचा नंबर त्यानंतर येतो.

'बुडणं' म्हणजे नक्की काय?

पण आधी ती भीती. खान्देशातल्या माणसाने 'पैसा बुडेल का' असं विचारलं तर त्यावर हसू नये. बीएचआर हे नाव इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जळगावात मुख्यालय असलेली मल्टिस्टेट पतसंस्था, अनेक राज्यांत शाखा, बँकेपेक्षा जास्त व्याज. पुढे ठेवी परत मिळेनात. २०१५ मध्ये संस्थापक आणि संचालकांना अटक झाली, अवसायक नेमला गेला, आणि ठेवीदार पावत्या घेऊन वर्षानुवर्षं चकरा मारत राहिले. पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं ते ५ लाखांचं विमा संरक्षणही नसतं. ते बँकेतल्या ठेवीला असतं.

म्युच्युअल फंडात पैसा वेगळ्या पद्धतीने ठेवलेला असतो. तुम्ही दिलेले पैसे फंड कंपनीच्या खिशात जात नाहीत. ते एका ट्रस्टमध्ये जातात. त्यातून घेतलेले शेअर आणि बाँड कस्टोडियन नावाच्या तिसऱ्याच संस्थेकडे असतात. फंड कंपनी फक्त काय घ्यायचं, काय विकायचं हे ठरवते आणि त्याची फी घेते. एका युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही, दर कामकाजाच्या दिवशी जाहीर होते. महिन्याला फंडात काय काय आहे त्याची पूर्ण यादी छापावी लागते.

म्हणजे कुणीतरी पैसा घेऊन पळून जाण्याची भीती इथे खूपच कमी. भाव पडण्याची भीती मात्र पूर्ण खरी. आणि भाव किती पडू शकतो, कधी पडू शकतो, हे फंडाच्या प्रकारावर ठरतं. म्हणून त्या हळू आवाजातल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. कोणता पैसा कोणत्या प्रकारात टाकतोस, त्यावर ते आहे.

प्रकार म्हणजे फंडाने दिलेला शब्द

२०१७ पर्यंत या नावांचा मोठा गोंधळ होता. एकाच कंपनीचे चार-पाच सारखेच फंड. नाव लार्ज कॅप आणि आत भरपूर मिड कॅप. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीने परिपत्रक काढलं आणि सगळ्या फंडांना ३६ खणांत बसवलं: इक्विटीचे १०, डेटचे १६, हायब्रिडचे ६ आणि बाकी ४. प्रत्येक खणाची व्याख्या ठरली. बहुतेक खणांत एका कंपनीला एकच फंड ठेवता येईल असं झालं. पुढे त्यात भर पडली, बदल झाले, पण सांगाडा तोच.

याचा आपल्याला उपयोग असा की प्रकाराचं नाव हा आता फंड मॅनेजरने दिलेला शब्द आहे. काही उदाहरणं:

बाजारमूल्यानुसार देशातल्या पहिल्या १०० कंपन्या म्हणजे लार्ज कॅप. १०१ ते २५० मिड कॅप. २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉल कॅप. लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसा पहिल्या १०० मध्येच ठेवावा लागतो. स्मॉल कॅप फंडाला किमान ६५ टक्के २५१ च्या पुढे.

आता या वाक्याकडे नीट बघा. उद्या मॅनेजरला वाटलं की स्मॉल कॅप फार महाग झालेत, सगळं विकून रोख धरून बसावं, तरी त्याला तसं करता येत नाही. त्याचे हात बांधलेले आहेत. तो चुकीच्या वेळी बाहेर पडेल ही अपेक्षा आपण ठेवायची नाही, आणि बरोबर वेळी बाहेर पडेल हीसुद्धा नाही. तुम्ही स्मॉल कॅप निवडलं, तर पडझडीतही तुम्ही स्मॉल कॅपमध्येच राहणार.

मालक व्हायचं की सावकार?

प्रकार ३६ असोत की ४०, मुळात गोष्टी दोनच. जळगावचंच उदाहरण घेऊ. जैन इरिगेशन. आपल्याकडे केळीची बाग असलेल्या माणसाला ठिबक म्हटलं की हेच नाव आधी आठवतं. कंपनी खरी, कारखाने खरे, माल खरा.

या कंपनीत पैसा दोन रस्त्यांनी टाकता येतो. शेअर घेतला की तुम्ही छोटे मालक. कंपनीला कर्ज दिलं, म्हणजे तिचा बाँड घेतला, की तुम्ही सावकार. इक्विटी फंड मालक होतो, डेट फंड सावकार होतो, हायब्रिड फंड थोडा हा थोडा तो.

२०१९ मध्ये या कंपनीवरचा कर्जाचा बोजा झेपेना, हप्ते थकले आणि रेटिंग घसरत थेट 'डी' वर गेलं. 'डी' म्हणजे डिफॉल्ट. २०१८ च्या सुरुवातीला शंभर रुपयांच्या वर असलेला शेअर मार्च २०२० मध्ये एक आकडी झाला होता. पुढे २०२२ मध्ये कर्जाची फेररचना झाली, कंपनी सावरली, शेअरही त्या तळापासून कितीतरी पट वर आला. पण जानेवारी २०१८ मध्ये घेतलेल्या माणसाला दोन वर्षांनी पैशाची गरज पडली असती तर?

यातून दोन गोष्टी घ्या. एक, चांगली कंपनी आणि चांगला शेअर यांची वेळ एकच असेल असं नाही. दोन, सावकार होण्यातही धोका आहे. 'डेट फंड म्हणजे एफडीसारखाच' असं कुणी सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारायचा: कुणाला कर्ज दिलंय आणि किती दिवसांसाठी?

आता आपल्या शिंदखेड्याच्या मित्राचे तीन ढीग एकेक करून बघू.

पहिला ढीग: जूनचे लाख

पेरणी बाजाराची वाट बघत नाही. पाऊस पडला की कृषी सेवा केंद्रात रांग लागते आणि तेव्हा खिशात पैसे असावेच लागतात. नसले तर उधारी, आणि उधारीचा भाव आपल्याला माहीत आहे.

स्मॉल कॅपचा इतिहास बघा. जानेवारी २०१८ ला स्मॉल कॅप निर्देशांक शिखरावर होता. तिथून मार्च २०२० पर्यंत तो निम्म्याहून जास्त खाली आला. मग पुन्हा वर गेला, पण जुनं शिखर गाठायला २०२१ साल उजाडलं. तीन वर्षांहून जास्त. आता कुणी म्हणेल, दादा, शेवटी वर आलाच की! आला ना. पण तोवर तीन खरीप निघून गेले.

गणित साधं आहे. १ लाखाचे ४० टक्के पडले की उरतात ६० हजार. त्या ६० हजारांचे परत लाख व्हायला ४० टक्के वाढ पुरत नाही, ६७ टक्के लागते. आणि जूनमध्ये ते ६० हजार काढून खत आणलं, तर वाढण्यासाठी मागे काही उरतच नाही. भाव पडलेला असताना गरजेपोटी विकलं की तोटा कायमचा होतो. आपल्याकडे ज्याला 'पैसा बुडणं' म्हणतात, ते म्युच्युअल फंडात बहुतेक वेळा असं घडतं.

म्हणून चार महिन्यांच्या पैशाला इक्विटी नाही. लार्ज कॅपही नाही, आणि 'हायब्रिड आहे, सेफ आहे' असं कुणी म्हटलं तरी तेही नाही.

मग काय? साधं बचत खातं, छोटी एफडी, किंवा फंडच हवा असेल तर ओव्हरनाइट किंवा लिक्विड. ओव्हरनाइट फंड एका दिवसाच्या मुदतीचं कर्ज देतो. लिक्विड फंड ९१ दिवसांपर्यंतच्या कागदांत पैसा ठेवतो. मुदत जितकी लहान तितका भाव कमी हलतो. पैसे मागितले की साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. लिक्विडमधून पहिल्या ७ दिवसांत काढले तर थोडा एक्झिट लोड लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

इथे एक सावधगिरी. २३ एप्रिल २०२०, लॉकडाऊन सुरू आहे, आणि फ्रँकलिन टेम्पल्टनने आपल्या ६ डेट योजना एकाच दिवशी बंद केल्या. सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकले. त्यातल्या एकीचं नाव 'अल्ट्रा शॉर्ट बाँड' होतं. नाव ऐकून वाटावं की दोन-चार महिने पैसे ठेवायला बरी जागा. पण या योजनांमध्ये जरा कमी रेटिंगच्या कंपन्यांचे बाँड भरपूर होते. त्यांच्यावर व्याज जास्त, म्हणून परतावाही छान दिसायचा. कोरोनाच्या घबराटीत लोक पैसे मागायला आले आणि त्या बाँडना गिऱ्हाईक मिळेना.

पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. फेब्रुवारी २०२१ पासून हप्त्याहप्त्याने पैसे मिळत गेले आणि शेवटी लोकांची रक्कम परत आलीसुद्धा. पण ज्याला २०२० च्या जूनमध्ये पैसे हवे होते, त्याच्यासाठी तो जून गेला.

म्हणून डेट फंड बघताना दोन गोष्टी उघडून बघायच्या. मुदत किती आणि कागदांचं रेटिंग काय. एकाच खणातला एखादा फंड बाकीच्यांपेक्षा दीड-दोन टक्के जास्त देत असेल, तर खूश होण्याआधी तो जास्तीचा पैसा कुठून येतोय ते शोधायचं.

दुसरा ढीग: बहिणीची ॲडमिशन, अडीच वर्षं

हा ढीग सगळ्यात फसवा. अडीच वर्षं ऐकायला भरपूर वाटतात. पण २००८ आठवा, म्हणजे आपण तेव्हा शाळेत होतो, पण आकडे आहेत. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली. परत २१ हजार दिसायला २०१० ची दिवाळी आली. जवळपास पावणेतीन वर्षं. ॲडमिशनची शेवटची तारीख तेवढी थांबत नाही.

इथे शॉर्ट ड्युरेशन फंड बघता येतो, ज्यात सरासरी मुदत साधारण १ ते ३ वर्षांची असते. किंवा कॉर्पोरेट बाँड फंड, ज्याला किमान ८० टक्के पैसा 'एए प्लस' आणि त्याहून वरच्या रेटिंगमध्येच ठेवावा लागतो. बँकिंग अँड पीएसयू हा खणही याच पट्ट्यातला. याच्या उलट क्रेडिट रिस्क फंड. त्याला किमान ६५ टक्के पैसा 'एए' आणि त्याच्या खालच्या कागदांत ठेवायचा असतो. नावातच रिस्क लिहिलंय, तक्रारीला जागा नाही.

गिल्ट फंडाबद्दल बरेच जण विचारतात. 'सरकारी रोखे आहेत, सरकार थोडंच बुडणार?' बरोबर, सरकार हप्ता चुकवणार नाही. पण लांब मुदतीच्या रोख्यांचा भाव व्याजदराबरोबर हलतो. बाजारात व्याजदर वाढले की जुने, कमी व्याजाचे रोखे कुणाला नको असतात, मग त्यांचा भाव पडतो. ढोबळ हिशोब असा: फंडाचं ड्युरेशन ७ वर्षं असेल आणि व्याजदर १ टक्का वाढला, तर एनएव्ही साधारण ७ टक्के खाली. म्हणून अडीच वर्षांच्या पैशाला लांब मुदतीचा गिल्ट जुळत नाही, सरकारची हमी असली तरी.

आणि स्पष्ट बोलायचं तर या ढिगाला चांगल्या बँकेतली एफडीसुद्धा उत्तम चालते. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांचा नफा तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो, म्हणजे कराचा जुना फायदा गेला. एफडीत दर आधीच ठरलेला असतो आणि एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा असतो. डेट फंडात हवे तेव्हा थोडे थोडे काढता येतात, मुदतीआधी मोडल्याचा दंड बहुतेकदा नसतो. ज्याला जे सोयीचं. पॉडकास्ट म्युच्युअल फंडावर आहे म्हणून प्रत्येक रुपया फंडातच गेला पाहिजे असं काही नाही.

तिसरा ढीग: पुढचं घर

आता या लाखाला वेळ आहे. दहा वर्षं, पंधरा वर्षं. इथे उलटा धोका सुरू होतो. हा पैसा बचत खात्यात पडून राहिला, तर सिमेंट, सळई, वीट, मजुरी यांचे भाव पुढे पळतील आणि आपण मागे राहू. या ढिगाला इक्विटी हवी.

तिथे पर्याय असे. इंडेक्स फंड: निफ्टी ५० मधल्या ५० कंपन्या, त्याच प्रमाणात, मॅनेजरचं डोकं लागत नाही म्हणून खर्च कमी. फ्लेक्सी कॅप: किमान ६५ टक्के इक्विटी, बाकी लहान-मोठी कंपनी निवडायची मोकळीक. मल्टी कॅप: लार्ज, मिड आणि स्मॉल तिन्हींत किमान २५-२५ टक्के सक्तीने. नावं सारखी वाटतात, पण मल्टी कॅपमध्ये निम्मा पैसा मिड आणि स्मॉलमध्ये असणारच, फ्लेक्सीत तसं बंधन नाही. ॲग्रेसिव्ह हायब्रिड: ६५ ते ८० टक्के इक्विटी, उरलेलं डेट, म्हणून धक्का जरा कमी.

पहिल्यांदा सुरू करणाऱ्याला माझ्या मते एक साधा इंडेक्स फंड किंवा एक फ्लेक्सी कॅप एवढं पुरतं. स्मॉल कॅप वाईट नाही. ते लांबच्या पैशातला एक छोटा हिस्सा म्हणून घ्यावं, आणि तेही निम्म्यावर आलेलं बघून झोप लागणार असेल तर. मार्च २०२४ पासून मिड आणि स्मॉल कॅप फंडांना स्ट्रेस टेस्टचे आकडे जाहीर करावे लागतात: घबराटीत २५ टक्के किंवा ५० टक्के पोर्टफोलिओ विकायला किती दिवस लागतील. एकदा ते आकडे लार्ज कॅपच्या शेजारी ठेवून बघा. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोडक्शनला टाकण्याआधी लोड टेस्ट वाचतो, तसं.

निफ्टीही पडतो. जानेवारी २०२० मध्ये १२,३०० च्या वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा जुन्या जागी. ज्याच्या पैशाला तारीख नव्हती त्याने काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. फरक माणसाच्या हिमतीत कमी होता, पैसा कधी लागणार यात जास्त होता.

एकदम लाख टाकायची भीती वाटत असेल तर तो लिक्विडमध्ये ठेवून दर महिन्याला थोडा थोडा इक्विटीत वळवता येतो. त्याला एसटीपी म्हणतात. आणि पुढे घर बांधायला दोन-तीन वर्षं उरली की हा ढीग हळूहळू दुसऱ्या ढिगाच्या जागी आणायचा. तारीख जवळ आली की प्रकार बदलायचा, हे लोक विसरतात.

तीन छोट्या गोष्टी

पहिली, डायरेक्ट की रेग्युलर. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचा डायरेक्ट प्लॅन असतो, ज्यात एजंटचं कमिशन नसतं. फरक वर्षाला १ टक्का धरू. १ लाख, १५ वर्षं: ११ टक्क्यांनी सुमारे ४ लाख ७८ हजार, १० टक्क्यांनी ४ लाख १८ हजार. ६० हजारांचा फरक. पण तुमचा एजंट खरंच समजावतो, पडझडीत फोन उचलतो, घाबरून विकू देत नाही, तर ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. नुसताच फॉर्म भरून गायब होत असेल तर विचार करा.

दुसरी, एनएफओ. 'नवीन फंड, फक्त १० रुपयांत युनिट!' १० रुपयांचं युनिट स्वस्त नसतं आणि ५०० रुपयांचं महाग नसतं. आतला माल एकच असेल तर १० टक्के वाढीला दोन्हीकडे १० टक्केच मिळतात.

तिसरी, कर. इक्विटी फंड वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. हे २३ जुलै २०२४ पासूनचे दर. बजेटमध्ये बदलू शकतात, विकण्याआधी तपासा. ईएलएसएसला ३ वर्षांचा लॉक-इन आहे, आणि त्याची करवजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली घेतली असेल तर फक्त कर वाचवायला म्हणून ईएलएसएस घेण्यात अर्थ नाही.

तर मित्रा, तुझं उत्तर

तुझे ३ लाख हे एक गाठोडं नाही. जूनचे लाख बँकेत किंवा लिक्विडमध्ये. त्यातून फार काही मिळणार नाही, पण पेरणीच्या दिवशी ते जागेवर असतील, त्यांचं काम तेवढंच. बहिणीचे लाख एफडीत किंवा चांगल्या रेटिंगच्या शॉर्ट ड्युरेशन फंडात. घराचे लाख इक्विटीत, जमलं तर एसटीपीने, आणि त्यातला थोडा भाग स्मॉल कॅपला द्यायची फारच हौस असेल तर दे. ॲपवरची यादी मात्र 'गेल्या ३ वर्षांचा परतावा' अशी लावून बघू नकोस. ती यादी तुला मागचं सांगते. तुझा जून पुढे आहे.

एक काम अजून. वडिलांसोबत बस आणि कोणते पैसे कुठे ठेवले, कधी निघतील, हे त्यांना एका कागदावर लिहून दे. नॉमिनीचं नाव टाक. तू शिकलेला म्हणून त्यांनी तुझ्यावर सोडलंय, पण कापूस त्यांचाही आहे.

बाकीच्यांनी आज एवढंच करा. मोबाइलमधल्या नोट्स उघडा, तुमच्याकडच्या प्रत्येक रकमेपुढे ती कधी लागणार ते महिना-वर्ष टाकून लिहा. ज्या रकमेपुढे तारीख लिहिता येत नाही, तिच्यासाठी अजून फंड शोधू नका. आणि आधीच घेतलेला फंड असेल तर त्याचा प्रकार त्या तारखेला जुळतो का बघा.

पुढच्या भागात फंडाची फॅक्टशीट कशी वाचायची ते बघू, एक उघडून समोर ठेवूनच. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, अहिराणीत पाठवला तरी चालेल, उलट बरं वाटेल. हा भाग घरातल्या कुणाच्या उपयोगाचा वाटला तर त्यांना पुढे पाठवा. भेटू, काळजी घ्या.